हेक्सवर शत्रूला कोंडायचं तर आधी त्याचं जेवण तोडा

रंकाळ्याकाठचा | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, हा विषय कितीतरी दिवस डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

झालं असं की माझा भाचा बारावीची परीक्षा संपवून आमच्याकडं राहायला आलाय. त्याला माझ्या जुन्या लॅपटॉपवर बॅटल फॉर वेसनॉथ टाकून दिला, म्हणजे षटकोनी घरांच्या (हेक्सांच्या) नकाशावर पाळीपाळीनं (टर्ननं) खेळायचा लढाईचा गेम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००३ पासून लोक त्यात भर घालतायत आणि असल्या लॅपटॉपवर पण मस्त पळतो. पोरगं हुशार, दोन दिवसांत सगळी युनिट्स, म्हणजे सैनिकांचे मोहरे, पाठ. पण खेळतो कसा, तर दिसला शत्रू की हाण. काल त्यानं ऑर्कांचा, म्हणजे गेममधल्या राक्षसी शत्रूंचा, एक ग्रंट (साधा शिपाई) पकडला, सहाच्या सहा बाजूंनी आपली सहा माणसं उभी केली आणि मला हाक मारली, "मामा, बघ, घेरला!" घेरला खरा, पण सहा माणसं एका ग्रंटपायी अडकून पडली, बाकीचा नकाशा मोकळा, वरनं रात्र झाली आणि रात्री ऑर्कांचा मार २५ टक्क्यांनी वाढतो, मागनं तिघं-चौघं आले आणि याच्या रिंगणातली चार माणसं दोन टर्नमध्ये गारद. पोरगं जेवलं नाही नीट. मग मी वही काढली आणि षटकोन काढून त्याला जे दाखवलं तेच इथं मांडतोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की घेरणं म्हणजे मारणं नव्हे. घेरणं म्हणजे त्याचा रस्ता आणि जेवण बंद करणं. आणि हे काम जितक्या कमी माणसांत होईल तितकं बघायचं, कारण तुमची चांगली माणसं वेढ्याच्या बाहेर तोंड करून उभी पाहिजेत, आतल्याकडं बघत नव्हे.

आधी झेडओसी, म्हणजे झोन ऑफ कंट्रोल. प्रत्येक युनिटचा आपल्या भोवतीच्या ६ हेक्सवर धाक असतो. शत्रूनं त्या हेक्सात पाय टाकला की त्याची चाल तिथंच संपली, पुढं किती का पाय शिल्लक असेनात. वेसनॉथमध्ये असंच आहे, आणि थोड्याफार फरकानं बहुतेक सगळ्या हेक्स गेममध्ये असंच असतं.

आता शत्रू मध्ये आहे असं समजा. त्याच्या बरोबर वरच्या हेक्सवर तुमचं एक युनिट, बरोबर खालच्या हेक्सवर दुसरं. उरले चार हेक्स, उजवीकडं दोन आणि डावीकडं दोन. त्यातले वरच्या अंगाचे दोन्ही तुमच्या वरच्या युनिटला चिकटलेले आहेत, खालच्या अंगाचे दोन्ही खालच्याला. म्हणजे गडी कुठंही सरकू दे, धाकातच सरकणार, एका हेक्सच्या पुढं जाणार नाही. सहा माणसांचं काम दोघांत झालं. चार माणसं मोकळी झाली की हो!

पण ते दोघं समोरासमोरच पाहिजेत. हेच दोघं शेजारी-शेजारी उभे केले तर पलीकडचे दोन हेक्स सताड उघडे. मध्ये एक हेक्स सोडून उभे केले तरी एक हेक्स उघडा राहतोच, आणि कॉम्प्युटरला तो एक हेक्स बरोबर दिसतो. भाच्याला हे पटेना, मग त्यालाच पेन्सिलीनं खुणा करायला लावल्या. तीन वेळा केल्यावर मान हलवली.

अजून एक सांगतो, हे मला स्वतःला कळायला वर्ष लागलं. चिकटायची पण गरज नाही. शत्रूपासून दोन हेक्स लांब जे रिंगण होतं त्यात १२ हेक्स असतात. त्यातले सहा शत्रूच्या सरळ रेषेत येतात, आणि उरलेले सहा त्याच्या दोन-दोन शेजारी हेक्सांच्या बरोबर फटीसमोर. या फटीसमोरच्या जागेवर उभं राहिलं की एक युनिट त्याच्या दोन शेजारी हेक्सांवर धाक ठेवतं. म्हणजे अशा तीन जागा, एक सोडून एक, धरल्या की सहाही हेक्स धाकात. तीन युनिट्स, शत्रूला हात पण लावलेला नाही, त्याला तुमच्यावर वार करायचा तर त्यानंच जागा सोडून पुढं यायचं. तो डोंगरावर किंवा किल्ल्यात बसला असेल तर हे सोन्यासारखं आहे.

तुम्ही कसं करता ते लिहा. जुने पॅन्झर जनरलवाले आहेत का कोण?

---

उद्यमनगरवाला | शनिवार, रात्री ११:५८

आहे की भावा! १९९४ चा दुसऱ्या महायुद्धावरचा हेक्स गेम, एसएसआय कंपनीचा. आम्ही तो मित्राच्या फौंड्रीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर खेळायचो, रात्रपाळीला, बाहेर भट्टी चालू आणि आत आम्ही पोलंडात.

तिथं घेरायचं गणित थोडं वेगळं. आधी तोफखान्यानं ठोकायचं, म्हणजे त्या युनिटची माणसं मरत नाहीत फारशी पण दबून जातात, मग रणगाडे किंवा पायदळ घालायचं. दबलेलं युनिट मार बसला की एक पाऊल मागं सरकतं. आणि मागं सरकायला जागाच नसेल तर? शरण! अख्खं युनिट एका फटक्यात नकाशावरनं गायब, मग त्याची ताकद १० असू दे नाहीतर ७. हे पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही दोघं खुर्चीवरनं उठून ओरडलो होतो, वॉचमन बघायला आला.

म्हणून माझा नियम असा की हल्ला करायच्या आधी "हा मागं कुठं जाईल" ते बघायचं. समुद्र पाठीला असेल तर अर्धं काम समुद्रानंच केलं. उरलेल्या हेक्सात तुमचं एखादं फाटकं, ताकद ३ उरलेलं युनिट पण चालतं. ते लढणार नाही, नुसतं दार अडवणार. फक्त क्रम चुकवायचा नाही, आधी दार अडवायचं, मग ठोकायचं. पोरं नेमकं उलटं करतात.

आणि त्याच्या शेजारी तुमची युनिट्स असली की त्याला दारूगोळा आणि भरती पण कमी मिळते. त्यामुळं एखादा टर्न थांबलं तरी फायदाच.

---

सायलीचा नकाशा | रविवार, सकाळी ८:१५

दादा छान लिहिलंय, पण मी अगदी नवीन आहे. मी सिव्हिलायझेशन खेळते थोडं. हे सगळे षटकोनच का वापरतात? बुद्धिबळाचे चौकोन का नाही? आणि सिव्हिलायझेशनमध्ये हे घेरणं चालतं का?

---

रंकाळ्याकाठचा | रविवार, सकाळी ९:०५

सायलीताई, प्रश्न चांगला आहे. चौकोनात सरळ गेलं तर शेजारच्या घराचं अंतर १ धरा, तिरकं गेलं तर १.४१ होतं. पण खेळात दोन्हीला एकच चाल मोजली तर तिरकं जाणारा फुकटात लांब जातो, आणि तिरकी चाल बंद केली तर सगळे रस्ते काटकोनात वळायला लागतात. षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर, कोपऱ्याला कोपरा चिकटलेला शेजारी नाहीच. घेरण्याच्या दृष्टीनं तर फारच महत्त्वाचं, कारण चौकोनात कोपऱ्यातनं निसटायची एक भानगड कायम असते, हेक्सात फट आहे किंवा नाही एवढंच. कॉम्प्युटरच्या आधी हे टेबलावरच्या खेळात आलं. अमेरिकेतल्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीनं १९६१ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईवरच्या खेळाची नवी आवृत्ती षटकोनांवर काढली आणि पुढं तीच रीत पडली.

सिव्हिलायझेशन पाचमध्ये हेक्स आले, २०१० साली. तिथं शत्रूच्या शेजारी तुमचं आणखी एक-एक युनिट असलं की हल्ल्याला १० टक्के जोर वाढतो. पण युनिट उपाशी मरत नाही तिथं. सिव्हिलायझेशन सहामध्ये शहराला वेढा पडतो. शहराभोवतीच्या सगळ्या हेक्सांवर तुमचं युनिट किंवा त्याचा धाक असला की शहराची पडझड भरून निघणं बंद. आणि तिथं पण सहा माणसं लागत नाहीत, समोरासमोरची दोघं बास होतात. हेच गणित.

---

पेठेतला गडी | रविवार, सकाळी १०:३०

मला सगळं पटत नाही, स्पष्टच सांगतो. घेरणं दिसायला भारी पण वेळ खातं. मी युनिटी ऑफ कमांड हा गेम खेळतो, दुसऱ्या महायुद्धातली स्टालिनग्राडची मोहीम. तिथं ठरावीक टर्नमध्ये ठरावीक गाव घेतलं तरच मोठा विजय मिळतो. घेरत बसलो की गाव राहतं बाजूला. मी सरळ रस्त्यानं रणगाडे घालतो आणि गाव घेतो, मागं कोण राहिलं ते राहू दे.

---

रंकाळ्याकाठचा | रविवार, सकाळी ११:१०

अरे पण तू पण घेरतोयसच की, तुला माहीत नाही एवढंच! तू रणगाडे रस्त्यानं आत घातलेस की मागं राहिलेल्यांचा रेल्वेचा रूळ तुटतो. युनिटी ऑफ कमांडमध्ये सगळा सप्लाय रुळावरनं येतो आणि तिथनं ठरावीक अंतरापर्यंत पसरतो. रूळ तुटला की पहिल्या टर्नला त्यांना फारसं काही होत नाही, म्हणून तुला वाटतं की काही झालंच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला बघ, युनिट उभं दिसतं पण त्यात जीव नसतो. तेव्हा मागनं येणारं साधं पायदळ त्याला सहज उचलतं.

म्हणजे घाई आणि वेढा यांचं भांडण नाहीच. भांडण आहे ते उपाशी माणसावर भरलेल्या पोटाच्या रणगाड्यांनी डोकं आपटण्याशी. रणगाडे पुढं जाऊ देत, कोंडलेल्याजवळ बघायला दोन फाटकी युनिट्स ठेव.

फक्त एक जप. तुझे रणगाडे जितके पुढं, तितका तुझा स्वतःचा रूळ लांब. मागं सोडलेलं एखादं घोडदळ रुळावर येऊन बसलं की उपाशी कोण?

---

पेठेतला गडी | रविवार, सकाळी ११:२५

व्हय, हे झालंय माझं. दोनदा झालंय. रोमानियाचं घोडदळ होतं. बरं, मान्य.

---

मसाई पठार | रविवार, दुपारी १:४०

लेख वाचून राहवलं नाही. कोल्हापुरात बसून वेढ्याबद्दल बोलायचं आणि पन्हाळ्याचं नाव नाही?

१६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तो जुलैपर्यंत. आणि जौहर कच्चा नव्हता, हे आपण लोक विसरतो. रंकाळ्याकाठच्या दादांनी वर जे लिहिलंय ना, बाहेर तोंड करून माणसं ठेवा, ते त्यानं केलं होतं. नेताजी पालकर बाहेरनं वेढा फोडायला आले होते, त्यांना जमलं नाही. पावसाळ्यात पण त्यानं वेढा उठवला नाही. म्हणजे बाहेरची बाजू पक्की होती.

फुटला तो आतनं. महाराजांनी शरण येतो म्हणून बोलणी लावली, चार महिने भिजलेल्या पहारेकऱ्यांना वाटलं संपलं एकदाचं, आणि आषाढातल्या त्या रात्री महाराज निसटले. शिवा काशिद दुसऱ्या पालखीत बसले आणि पाठलाग करणारे आधी त्यांच्याच मागं गेले.

मी दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो. राजदिंडीपाशी उभं राहून खाली बघितलं की अंगावर काटा येतो, पावसात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही तिथं. गेममध्ये प्रत्येक युनिटचा धाक ६ हेक्सांवर कायम असतो, दिवसा, रात्री, पावसात. खऱ्या वेढ्यात तो धाक माणसाच्या डोळ्यांवर आणि जागरणावर चालतो. हा फरक ज्या गेममध्ये दाखवतील तो गेम मी विकत घेईन.

आणि मग पावनखिंड, तेव्हाची घोडखिंड. एक हेक्स रुंद वाट, दोन्हीकडं डोंगर. बाजीप्रभूंनी तिथं उभं राहून काय केलं, तर अख्ख्या फौजेची चाल एका हेक्सात संपवली, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत.

---

उद्यमनगरवाला | रविवार, दुपारी २:०२

+१. वाचून छाती भरून आली राव.

---

बारा हेक्स | रविवार, दुपारी ३:२०

मसाई पठार यांनी छान लिहिलंय, त्यात माझी थोडी भर. मला आपल्या इतिहासातला सगळ्यात हेक्सवर बसणारा वेढा वाटतो तो पालखेडचा, १७२८ च्या फेब्रुवारीतला. बाजीरावानं निजामावर समोरनं हल्ला केलाच नाही. निजामाकडं तोफा जड, बाजीरावाकडं नुसतं चपळ घोडदळ. मग त्यानं काय केलं, तर निजामाला आपल्या मागं पळवत पळवत पालखेडजवळ आणलं आणि तिथं त्याचं धान्य आणि पाणी तोडलं. तोफा असून उपयोग काय, पाणी नाही! ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठी लढाई न होता.

आणि बरोबर ३३ वर्षांनी पानिपतावर तोच डाव आपल्यावर उलटला. २५ ऑक्टोबर १७६० ला अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि आपली फौज आणि दिल्ली यांच्या मध्ये आला. तिथनं पुढं १४ जानेवारीपर्यंत मोजा, अडीच महिन्यांवर. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून फौज बाहेर पडली. गेममध्ये आपल्या युनिटवर लाल खूण दिसते ना सप्लाय तुटल्याची, ती दिसली की मला दर वेळी पानिपतच आठवतं.

स्टालिनग्राडबद्दल पण लिहितो कारण वर विषय निघालाय. १९ नोव्हेंबर १९४२ ला रशियन फौजांनी उत्तरेकडनं सुरुवात केली, दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडनं, आणि २३ तारखेला दोन्ही टोकं कलाचजवळ भेटली. पाच दिवस. त्यांनी शहरातल्या जर्मन सहाव्या आर्मीला हात लावला नाही, दोन्ही बाजूंना रोमानियाच्या ज्या कमजोर फौजा होत्या त्यांच्यातनं आत शिरले. नवीन खेळाडूनं इथं थांबून विचार करावा. आपण नकाशावर सगळ्यात मोठं युनिट बघतो आणि त्याच्याकडं धावतो. ते लोक त्याच्या शेजारी कोण अशक्त आहे ते बघत होते.

आतल्यांना रोज ५०० टनांच्या आसपास माल लागत होता, विमानांनी पोचत होता सरासरी शंभरेक टन. डिसेंबरात जर्मन सेनापती मानश्टाइन बाहेरनं सोडवायला निघाला तो ५० किलोमीटरच्या आसपास येऊन अडकला, कारण रशियनांनी आतलं रिंगण वेगळं आणि बाहेरचं वेगळं ठेवलं होतं. २ फेब्रुवारीला सगळं संपलं, ९१ हजारांच्या आसपास कैदी झाले.

---

पेठेतला गडी | रविवार, दुपारी ३:४५

पण मग जर्मनांना विमानानं भागेल असं वाटलंच कसं? एवढे हुशार लोक होते ना?

---

बारा हेक्स | रविवार, दुपारी ४:१०

कारण आधी एकदा भागलं होतं. त्याच वर्षी, १९४२ च्या फेब्रुवारीत, रशियातल्याच देम्यान्स्कला जवळपास लाखभर जर्मन सैनिक कोंडले गेले होते आणि त्यांना विमानांनी जगवलं, एप्रिलमध्ये वाट पण मोकळी झाली. तिथं जमलं म्हणून स्टालिनग्राडला पण जमेल असं धरून चालले. पण स्टालिनग्राडला माणसं होती दुपटीहून जास्त.

गेममध्ये मी स्वतः हीच चूक केली आहे. एका मोहिमेत पॉकेटमधली (कोंडलेल्या जागेतली) दोन डिव्हिजन विमानानं जगली म्हणून पुढच्या वेळी सहा डिव्हिजन आत सोडली. सहाही गेली.

गॅरी ग्रिग्जबीचा वॉर इन द ईस्ट कोण खेळत असेल तर त्यांच्यासाठी. तिथं एक हेक्स १० मैलांचा आणि एक टर्न एका आठवड्याचा. एकेरी रिंगण करू नका, तो बाहेरनं किंवा आतनं एक हेक्स फोडतोच आणि मग सगळे पुन्हा सप्लायमध्ये येतात, तुमचा अख्खा आठवडा वाया. रिंगण दुहेरी पाहिजे. आणि जिथं फोडणार असं वाटतं तिथं, म्हणजे त्याची मोठी फौज बाहेर जिकडं आहे तिकडं, तिहेरी. बाकीच्या बाजूला पातळ चालतं.

---

शिरोली नाका | रविवार, संध्याकाळी ६:३०

मी गेम खेळत नाही फारसं, मुलगा खेळतो, त्यानं हा धागा दाखवला. पण "पहिल्या टर्नला काही होत नाही" हे वाक्य वाचून थांबलो, कारण आम्ही ते जगलोय. ऑगस्ट २०१९.

पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुणे-बेंगलोर बंद, कोल्हापूरला यायचे बाकीचे रस्ते पण बंद. आमच्या बिल्डिंगला पाणी लागलं नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही गच्चीवर जाऊन पाणी बघत होतो, घरात सगळं होतं. दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही, पावडरचा चहा केला. तिसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर फक्त ॲम्ब्युलन्स आणि बचावाच्या गाड्यांना पेट्रोल, भाजी दिसेना, शेजारच्या काकूंच्या बीपीच्या गोळ्या दोनच उरल्या. घर तेच, माणसं तीच, कुणी हात पण लावला नव्हता आम्हाला. पण तिसऱ्या दिवशी आम्ही वेगळीच माणसं होतो. गॅस बारीक करून स्वयंपाक, मोबाइल बंद करून ठेवायचा, कुणी जोरात बोलत नव्हतं.

हायवेवरनं पहिले टँकर सुटले त्या दिवशी लोक रस्त्याकडेला उभं राहून बघत होते. तुमच्या गेममध्ये सप्लाय तुटला की लाल खूण दिसते म्हणालात, ते मला लगेच कळलं.

---

रंकाळ्याकाठचा | रविवार, संध्याकाळी ७:१५

काका, नमस्कार. हे भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो पण तेव्हा इथंच होता, लहान होता. बराच वेळ काही बोलला नाही.

---

गंगावेस | रविवार, रात्री ८:४०

कुस्तीवाल्याकडनं दोन शब्द. खासबागेत कुस्ती बघताना नवीन माणूस ओरडतो, "पाड, पाड!" वस्ताद ओरडत नाही. पैलवान समोरच्याला खाली घेतो, पाठीवर बसतो आणि आधी कब्जा घट्ट करतो. मान दाबतो, हात अडकवतो, आपलं वजन त्याच्यावर टाकून ठेवतो. खालचा उठायला बघतो, दम जातो त्याचा. मग त्याचा खांदा जरा सैल पडला की चीत करायला घिस्सा डाव. लगेच चीत करायला गेलेला पैलवान स्वतःच खाली गेलेला मी कितीतरी वेळा बघितलाय.

तुमच्या हेक्समध्ये पण कब्जा आधी, डाव नंतर असंच दिसतंय.

---

सायलीचा नकाशा | सोमवार, रात्री ९:२०

दादा, मी वेसनॉथ उतरवून घेतला आणि तुम्ही सांगितलं तसं केलं, समोरासमोर दोन युनिट्स ठेवली. तरी शत्रू पळाला! वरच्या बाजूला माझा स्पिअरमन (भालेवाला) होता आणि खालच्या बाजूला पेझंट (शेतकरी). तो खालच्या बाजूनंच निघून गेला, पेझंटच्या अगदी शेजारनं. नियम बदललाय का?

---

रंकाळ्याकाठचा | सोमवार, रात्री ९:४५

नाही ताई, नियम तोच आहे, हे मी सांगायचं राहिलं, चूक माझी. पेझंट लेव्हल शून्यचा आहे. लेव्हल शून्यच्या युनिटला झेडओसी नसतो. तो फक्त आपला स्वतःचा हेक्स अडवतो, शेजारच्यांवर धाक नाही. म्हणजे तुमच्या वेढ्याला खालच्या अंगाला दोन दारं उघडी होती.

दुसरं पण आत्ताच सांगतो म्हणजे पुन्हा फसायला नको. काही युनिट्स स्कर्मिशर असतात, उदाहरणार्थ फेन्सर. त्यांना धाक लागूच होत नाही, ते तुमच्या झेडओसीतनं वाऱ्यासारखे निघून जातात. असला गडी कोंडायचा तर मात्र सहाही हेक्स खरोखर भरायला लागतात, किंवा डोंगर-समुद्र बघून जागा निवडायला लागते. त्यामुळं वेढा घालायच्या आधी त्या युनिटवर क्लिक करून त्याचे गुण वाचायची सवय लावा.

तिसरं म्हणजे गाव. कोंडलेला शत्रू गावाच्या हेक्सवर बसला असेल तर दर टर्नला त्याची ८ ताकद भरून येते. तो उपाशी नाही, तो आजोळी आलाय. त्याला आधी गावापासून लांब असताना पकडा. उघड्यावर नुसता बसून राहिला तर २ च भरतात.

---

सायलीचा नकाशा | सोमवार, रात्री १०:०५

अच्छा!! म्हणजे पेझंट ऐवजी दुसरा स्पिअरमन. आणि थीफबद्दल कुठंतरी वाचलं, पाठीमागनं वार करतो म्हणून, तो इथं चालेल का?

---

रंकाळ्याकाठचा | सोमवार, रात्री १०:३०

चालेल काय, त्याच्याचसाठी ही मांडणी आहे जणू! थीफचा बॅकस्टॅब कधी लागतो, तर त्यानं ज्याच्यावर वार केला त्याच्या बरोबर पलीकडच्या हेक्सवर शत्रूचा शत्रू, म्हणजे तुमचं कुठलंही युनिट, उभं असेल तेव्हा. मग मार दुप्पट. आणि आपण कोंडायला दोघांना कुठं उभं केलंय? समोरासमोर! म्हणजे एका बाजूला दणकट माणूस, दुसऱ्या बाजूला थीफ, वाट पण बंद आणि मार पण दुप्पट. थीफ लेव्हल एकचा आहे त्यामुळं त्याचा धाक पण लागतो. नॅल्गन बाजू घेतली की थीफ मिळतो, आणि दणकट म्हणून बुटका फायटर द्या पलीकडं.

फक्त थीफ नाजूक आहे, शत्रू आपल्या टर्नला आधी थीफलाच बघणार. म्हणून पहिल्या टर्नला दोन्ही बाजूंना दणकट माणसं ठेवून कोंडायचं, आणि वार करायच्या टर्नला एक माणूस बाजूला काढून त्याच्या जागी थीफ घालायचा. हा बदल करताना एक गोष्ट बघायची, बाहेर काढलेल्या माणसाची चाल. तो शत्रूच्या शेजारी आहे, म्हणजे शत्रूच्या पण धाकात आहे, शत्रूच्याच शेजारच्या दुसऱ्या हेक्सात सरकला तर तिथंच अडकेल, मागं निघाला तर मोकळा. त्याला कुठं ठेवणार ते आधी ठरवा.

---

उद्यमनगरवाला | मंगळवार, सकाळी ७:५०

भाच्याचं पुढं काय झालं ते सांगितलंच नाहीस की!

---

रंकाळ्याकाठचा | मंगळवार, रात्री ११:१५

आज खेळला तो, मी बाजूला बसून नुसतं बघितलं, तोंड उघडलं नाही.

तोच नकाशा, तसाच ग्रंट, ३८ ताकदीचा. संध्याकाळची वेळ होती गेममधली. त्यानं एक स्पिअरमन टेकडीवर ठेवला आणि बरोबर समोर दुसरा, गावात. ग्रंट मध्ये गवतावर. मला वाटलं आता हाणणार. नाही हाणलं. बाकीची चार माणसं त्यानं पूर्वेला नेली, जिथनं मागच्या वेळी ऑर्क आले होते, आणि तिथं दोन-दोन हेक्स सोडून ओळीनं उभी केली. मी हे दोन हेक्स सोडायचं त्याला सांगितलं नव्हतं. विचारलं, तर म्हणाला, "मामा, प्रत्येकाचा धाक एक-एक हेक्स दोन्हीकडं, मग मध्ये दोन रिकामे चालतात की." बरोबर आहे, चौघांत दहा हेक्सांची भिंत झाली.

रात्रीचे दोन्ही टर्न ग्रंट गावातल्या स्पिअरमनवर वार करत राहिला. गावातल्याची जखम ८-८ नं भरत होती, आणि स्पिअरमनला पहिला वार करायचा गुण असल्यामुळं ग्रंट स्वतःच दर वेळी आधी टोचून घेत होता. पूर्वेकडनं तीन ऑर्क आले ते भिंतीला येऊन थांबले, एक पण आत आला नाही. उजाडलं तेव्हा ग्रंट १४ वर आला होता. पोरानं मग दोघांकडनं एक-एक वार केला आणि संपवला, त्याचं एक पण माणूस गेलं नाही.

स्क्रीनशॉट उद्या टाकतो, आत्ता लॅपटॉप त्याच्याच ताब्यात आहे.